कोल्ड वॉटर्स (पाणबुडीचा गेम): टॉर्पेडो मागे लागला की दरवेळी मरतोय, मदत हवी आहे

1984 ची कॅम्पेन, लॉस एंजेलिस क्लासची बोट (अमेरिकन पाणबुडी), मॉड एकही नाही. ठाण्यात घरचे झोपल्यावर हेडफोन लावून खेळतो त्यामुळे आवाज नीट ऐकू येतात, तो प्रॉब्लेम नाही.

व्हिक्टर थ्री (सोव्हिएत पाणबुडी) सापडते. 5 नॉटवर, लेयरच्या खाली (पाण्याचं तापमान बदलतं तो थर, त्याच्या पलीकडे आवाज कमी पोचतो), फक्त पॅसिव्ह सोनार (नुसतं ऐकणारा). सरळ जात राहिलो की सोल्युशन (तिचं अंतर, कोर्स, वेग यांचा अंदाज) अडकून बसतं, म्हणून दर काही मिनिटांनी कोर्स 60 डिग्री बदलतो, मग बेअरिंग (ती कुठल्या दिशेला आहे ते) सरकते आणि सोल्युशन 80 टक्क्यांच्या पुढे जातं. इथपर्यंत ठीक. मार्क 48 (माझा वायरने चालवायचा टॉर्पेडो) सोडला की ती लगेच त्याच बेअरिंगवर उलटा टॉर्पेडो टाकते आणि तिथून माझी वाट लागते.

फुल स्पीड, नॉइजमेकर (टॉर्पेडोला चकवायला सोडायचे आवाजी बुडबुडे), कचकन वळण, हे करून झालं. काल तर नॉइजमेकर टाकून त्याच रेषेत पुढे पळालो, टॉर्पेडो बुडबुड्यांतून आरपार येऊन थेट मागून बसला (हसू नका). खोल जाऊन पळालं तर कॅव्हिटेशन (पंख्याभोवतीच्या बुडबुड्यांचा आवाज) कमी होतं, पण जोरात वळलं की माझ्या टॉर्पेडोची वायर तुटते आणि तो भरकटतो.

डिफिकल्टी कमी कर सांगू नका, अ‍ॅक्टिव्ह पिंगही (स्वतः आवाज सोडून शोधणं) नकोय. मला एवढंच सांगा, नॉइजमेकर टॉर्पेडो साधारण किती यार्डांवर असताना टाकायचा, वळणाच्या आधी की वळताना? आणि लेयर ओलांडायचा तो त्याच वेळी, की वायर सांभाळत थोडं थांबून?