जिनिंगमध्ये बाई सुपरवायझर कायद्यानं होईल का?

काटेवाली, यवतमाळ जिल्हा
एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसते. गाड्यांची आवक, कापसाचा ओलावा, गाठींची नोंद, सगळं माझ्याकडं. यंदा सुपरवायझरची जागा निघाली आन् ज्या पोराले मी काटा शिकवला, त्याले भेटली. शेठ म्हणे, "मॅडम, सीझनमध्ये रात्रपाळी असते." कापूस निवडायला साऱ्या बाया अन् त्यांच्यावर ओरडायला सारे माणसं! महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या. मग इथं तसा कायदा का नाही?

वकीलभाऊ
ताई, रात्रपाळीची सबब कायद्यानंच मालकांच्या हाती दिली होती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ मुळे बायांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात काम करता येत नव्हतं. पुढे महाराष्ट्रानं सुरक्षा आणि ने-आण अशा अटींवर मुभा दिली. म्हणजे आता अडचण गाडीच्या खर्चाची. अर्ज लेखी द्या, उत्तरही लेखीच मागा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं संचालक मंडळात एक तरी बाई लागते खरी, पण शेअर बाजारातल्या आणि मोठ्या पब्लिक कंपन्यांत. तुमच्या शेठला तो लागू नसणार. लागू असता, तरी मालकीणबाईच बोर्डावर बसल्या असत्या.

माजी सरपंचबाई
वकीलभाऊ बरोबर बोलले. पन मी म्हन्तो, आरक्षण नसतं तं मले कोन इचारलं असतं? पयले पयले मिटिंगले आमचे हेच जायचे. मंग मी चेकबुक माह्याजवळ ठेवलं, तवापासून ग्रामसेवक मलेच फोन लावे. पुढच्या टर्मले जागा खुली झाली अन् पॅनलवाले म्हने, बाईचा नंबर झाला आता.

सोसायटीवाला
आमच्या सेवा सोसायटीत बायांच्या दोन जागा राखीव. दोघीही जुन्या संचालकांच्या घरच्या. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेची नोंदवही, सहीसाठी घरी जातं, चहासोबत परत येतं.

काटेवाली
म्हणजे सही आपल्या हाती हवी. सुपरवायझरचं तेच तर आहे, हजेरीबुक त्याच्याकडं. वकीलभाऊ, शेठनं अर्जाची पोच नाही दिली तर?

वकीलभाऊ
पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. ने-आणीची मागणी त्यातच लिहा, नाहीतर "बाईच तयार नव्हती" म्हणतील.