मदत हवी आहे: ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक पकडत नाहीत

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये असतो. १९९७ चा जुना डिझेल ट्रक घेतलाय, मागे दोन एक्सलचा ट्रेलर ओढायचाय. ट्रकला ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरच्या ब्रेकला वीज देणारं यंत्र) नव्हता, तो मी स्वतः बसवला. काळी वायर ३० अँपिअरच्या ब्रेकरमधून बॅटरीला, पांढरी थेट निगेटिव्हला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला आणि निळी मागे सात पिनांच्या सॉकेटला.

अडचण अशी: ट्रेलर न जोडता कंट्रोलरचा हातातला लिव्हर पूर्ण दाबला की सॉकेटच्या निळ्या पिनवर १२.४ व्होल्ट येतात. ट्रेलर जोडला की तिथेच जेमतेम ७! चाकं नुसती गुणगुणतात, पकडत नाहीत. ट्रेलरच्या चाकांतले ब्रेक लावणारे चार मॅग्नेट मिळून १२ अँपिअरच्या आसपास ओढणार, आणि मागे जाणारी निळी वायर जुनीच, १६ गेजची, म्हणजे बारीक (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. पण सॉकेटची अर्थ वायर चॅसीच्या गंजक्या बोल्टला आवळलेली आहे, खरवडली तर तांबूस भुकटी पडते.

आधी काय बदलू? निळ्या वायरला १० गेज पुरेल का? अर्थ वायरही बॅटरीपर्यंत वेगळी न्यावी का? आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची चाचणी प्लग काढूनच करायची ना? गाडीत मुलं असतात, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.