‘भेदभाव’मधला ‘भाव’

प्रश्न : शशी थरूर यांनी सोळाव्या लोकसभेत मांडलेल्या 2016 च्या भेदभावविरोधी आणि समानता विधेयकावर लिहिते आहे. त्यातल्या ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ या कल्पनेपाशी अडले. मराठीत भेदभाव केला म्हटलं की करणाऱ्याच्या मनात आकस होता, असंच वाटतं. दुसरा शब्द आहे का? आणि समता म्हणू की समानता?

— तुमची अडचण शब्दाच्या घडणीतच आहे. दुजाभाव, आपपरभाव, भेदभाव ही सगळी एकाच घरातली भावंडं. ‘भाव’ आला की मन आलं, आणि मन आलं की हेतू शोधणं आलं. अप्रत्यक्ष भेदभावात मात्र हेतू गौण असतो. नियम सगळ्यांना एकच, पण झळ एका गटाला जास्त बसते. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनच्या (निवृत्तीपर्यंतच्या कायम नेमणुकीच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हेच तपासलं. पुरुषांची शारीरिक क्षमता कमी वयात ज्या कसोट्यांवर जोखली जाते, त्याच कसोट्या या स्त्रियांना कितीतरी पुढच्या वयात लावल्या होत्या. तिथे कुणाचा ‘भाव’ शोधत बसलो असतो, तर अन्याय दिसलाच नसता.

गंमत अशी की संविधानाच्या हिंदी पाठात ‘विभेद’ आहे. त्यात भाव नाही! मराठी पाठाने ‘भेदभाव’ घेतला.

— मग ‘पक्षपात’?

— नको. पक्षपाताला निवाडा करणारा माणूस लागतो आणि तो एका बाजूला झुकलेला असावा लागतो. इथे झुकलेला असतो तो नियम.

समता-समानतेचं थोडक्यात : मराठी संविधानात ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, हिंदीत ‘समता’. कायद्याबद्दल लिहिताना समानताच ठेवा. समता शब्दाला आपल्याकडे चळवळीचा इतिहास आहे. 1927 चं समता सैनिक दल, 1928 चं ‘समता’ पाक्षिक. विधेयकामागची प्रेरणा सांगताना तो शब्द अवश्य वापरा, कलमांचा अर्थ सांगताना नको.

— आणि अप्रत्यक्ष भेदभावाचं काय करू?

— संज्ञा तीच ठेवा, क्रियापद बदला. ‘अमुक संस्थेने भेदभाव केला’ असं न लिहिता ‘या नियमामुळे भेदभाव होतो’ असं लिहा. ‘करणे’च्या जागी ‘होणे’ आलं की कर्त्याच्या मनावरची नजर परिणामाकडे वळते. सोळावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते विधेयक व्यपगत झालं, म्हणजे मंजूर न होताच आपोआप संपलं, म्हणून त्याच्याबद्दल मात्र भूतकाळातच लिहा.