करंटच्या पट्ट्याने पोट खरंच आत जातं का?

गुहागरची_खानावळ
नमस्कार मंडळी. वय ३६, दुसरं सिझर होऊन दोन वर्षं होतील, पण पोट अजून पुढेच आहे. खानावळ आहे त्यामुळे पहाटे पाचपासून उभीच असते, संध्याकाळी चालायला समुद्रावर जायचं म्हटलं तरी तेव्हाच गिऱ्हाईक येतं. मोबाईलवर सारखी त्या पट्ट्याची जाहिरात येते, पोटाला बांधा, २० मिनिटं करंट घ्या, भाकऱ्या थापत थापत पोट सपाट. २८०० रुपये आहे. कुणी वापरलाय का? खरं काय ते सांगा, पैसे कष्टाचे आहेत.

मालवण_किनारा
ताई मी घेतला होता, कंपनीचं नाव नाही लिहीत. पहिले आठ दिवस वाटलं काहीतरी होतंय, कारण पोट आपोआप आवळतं, सुटतं, परत आवळतं. पण आपल्याकडची हवा माहितीय ना, मे महिन्यात घामाने ते चिकट पॅड नीट बसेना, एक कोपरा उचलला की तिथेच सुई टोचल्यासारखं चटका बसायचा. एकदा पट्टा काढला तर बेंबीच्या बाजूला काडेपेटीएवढा लाल चौकोन उमटलेला, चार दिवस गेला नाही. दोन महिने केलं, कंबरेचं माप होतं तेवढंच. आणि पॅड दर महिन्या दीड महिन्याने नवीन घ्यावे लागतात तो खर्च वेगळाच.

फिजिओ_चिपळूण
मी फिजिओथेरपिस्ट आहे. मशीन खोटं नाही, दावा खोटा आहे, हे दोन वेगळे धरा. करंटने स्नायू आकुंचन पावतो हे खरंच आहे, आम्ही रोज वापरतो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू पेशंटला स्वतःहून आवळता येत नाही तेव्हा, किंवा लकव्यानंतर पाऊल उचलत नाही तेव्हा. पोटाच्या पट्ट्यानेही नियमित वापरला तर स्नायू थोडे मजबूत होऊ शकतात. पण चरबी त्याने जळत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, बसल्या जागी पोटाचे स्नायू हलवून त्यातलं किती जाणार? शिवाय चरबीचा थर जाड असेल तर करंट स्नायूपर्यंत नीट पोचतच नाही, म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला उपयोग कमी. अमेरिकेत २००२ साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने असे पट्टे विकणाऱ्या तीन कंपन्यांवर खोट्या जाहिरातींसाठी खटले भरले होते. जाहिरात आजही तशीच चालू आहे, याचा मला खरंच राग येतो.

ताई, तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका येतेय. उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं थोडं वर उचला आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं आडवी दाबून बघा. दोन बोटांपेक्षा जास्त खड्डा लागला तर गरोदरपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेत, ते अजून जुळले नाहीत. मग पट्टा काय आणि पोटाच्या सिट-अप्स काय, आधी तपासून घ्या, व्यायाम वेगळे असतात.

खाडीकाठ
एक राहिलं. पेसमेकर असलेल्या माणसाने हे अजिबात लावू नये, गरोदरपणात पोटावर नाही, फिट येत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आमच्याकडे वहिनीने घेतलेला पट्टा आईने कंबरदुखीला म्हणून बांधला होता, तिला पेसमेकर आहे, नशीब भाऊ घरी होता म्हणून लगेच काढला. घरात एक मशीन आलं की सगळेच हात लावतात.

गुहागरची_खानावळ
फिजिओ दादा, आत्ता दुपारच्या गर्दीनंतर आतल्या खोलीत झोपून बघितलं. अडीच तीन बोटं जातात 😟 कुणी आजवर सांगितलंच नाही हो, सगळे म्हणत होते भात कमी खा. नारळाची पोती, पाण्याच्या कळशा मीच उचलते, ते बंद करू का?

फिजिओ_चिपळूण
तूर्त उचलू नका, घरातल्या कुणाला तरी सांगा. उचलावंच लागलं तर श्वास सोडत उचला, श्वास कोंडून धरू नका. झोपेतून उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळून हाताचा आधार घ्यायचा, हे आजपासूनच. जवळच्या फिजिओकडे एकदा जाऊन या, २८०० त्यासाठी ठेवा.