मदत हवी आहे: घरी केलेल्या कारपोर्टचा २ बाय २ चा पोल नक्की किती वजन घेईल?

नमस्कार मंडळी,

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे. गाडी उन्हात तापते म्हणून गेटाच्या आत पत्र्याचं शेड स्वतःच उभं करतोय. वेल्डिंग मशीन घरचं, हातही बऱ्यापैकी बसलेला. अडलंय ते हिशेबात.

शेड ५ मीटर बाय ३ मीटर, एकाच बाजूला उतार. चार पोल, उंची ९ फूट. पोलाला २ बाय २ इंची चौकोनी पाईप, वर चारी बाजूंनी ४ बाय २ चा बीम, त्यावर पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) आणि अर्धा एमएम कलर पत्रा. खाली बेसप्लेट, चार बोल्ट आणि १ बाय १ फुटाच्या, दीड फूट खोल खड्ड्यात काँक्रीट.

पाईप १४ गेज, म्हणजे २ एमएम, असं सांगून मिळाला. शंका आली म्हणून कापायच्या आधी ६ मीटरची अख्खी लांबी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. भरली साडेचौदा किलो! २ एमएमची १८ भरायला हवी. उलटा हिशेब केला तर जाडी जेमतेम १.६ येते, म्हणजे १६ गेज. (तुम्हीही तोलूनच घ्या, तोंडी गेजला काही अर्थ नाही.)

१.६ धरून ऑयलरचं सूत्र (सडपातळ खांब किती भाराला वाकतो ते सांगणारं) लावलं. पोलाचं वरचं टोक मोकळं धरलं तर एक पोल ८३० किलोला वाकतो, दोन्ही टोकं जागेवर धरली तर चौपट, ३३०० किलोला. वेल्डिंगवाला मित्र म्हणतो, "दोन टन घेतो, डोळे झाकून टाक." माझ्या हिशेबाने शेडचं स्वतःचं वजन २०० किलो आणि छतावर चौरस मीटरला ७५ किलो धरले तर एका पोलावर ३३० किलो येतात. मग ८३० खरं की ३३००?

प्रतिसाद १:
८३० च्या बाजूने धरा. तिरपे आधार नाहीत, म्हणजे वरची चौकट आडवी हलणारच. आणि सूत्रातला पाईप अगदी सरळ, भार बरोबर मधोमध. आपला तसा नसतो, त्यामुळे त्याच्याही निम्म्यावर थांबा. तुमचे ३३० त्यात कसेबसे बसतात, पण पोल फार सडपातळ आहे. टोक मोकळं धरून सडपातळपणाचं प्रमाण (लांबी आणि छेदाच्या आकारावरून निघणारं) २७० च्या वर जातं, आयएस ८०० मध्ये (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) अशा खांबाला मर्यादा १८० आहे. ३ बाय ३ चा जाड पाईप घ्या, कोपऱ्यांत दोन्ही दिशांना तिरपे तुकडे मारा.

पण दादा, तुम्ही चुकीच्या बाजूने काळजी करताय. पत्र्याचं शेड दबून पडतं कमी, उडतं जास्त. वाऱ्याच्या भाराचं मानक आहे आयएस ८७५, त्यात नाशिकचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो. उंचीचे वगैरे गुणक सोडून ढोबळ धरला तरी १५ चौरस मीटरवर १४०० किलोची ओढ वर. शेडचे २०० वजा करा, उरले १२००, म्हणजे पोलाला ३००. तुमच्या खड्ड्यातलं काँक्रीट भरतं जेमतेम १०० किलो. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात पोल वाकणार नाहीत, पायासकट उपटतील.

२ बाय २ बाय २ फुटाचा खड्डा घ्या, साडेपाचशे किलो काँक्रीट बसेल. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, उथळ पाया हलवते.

धागाकर्ता:
उडण्याचा विचारच केला नव्हता. माती काळीच आहे, साडेतीन फुटांवर मुरूम लागतो. पंचाईत अशी की दोन पोल मागच्या रविवारीच गाडले. ते काढून नवे ३ बाय ३ चे लावावे लागणार, २ बाय २ चे पाईप मग कंपाउंडच्या जाळीला वापरीन. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

प्रतिसाद १:
काढायचेच आहेत तर घाई नको. पण पत्रा मात्र आत्ता चढवू नका. नवे चारही पाये भरून किमान आठवडाभर पाणी मारलं, की मगच.