कागद गिरणीच्या सांडपाण्यात नेमके काय मोजावे?

विश्वामित्रीकाठ:
नमस्कार. मी बडोद्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि प्रकल्पासाठी दक्षिण गुजरातेतील एका कागद गिरणीखालच्या नदीचे पाणी तपासणार आहे. बीओडी (जिवाणूंना सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि रंग मोजण्याची सोय आमच्याकडे आहे; मात्र विषारीपणा दाखवायचा तर डायॉक्सिन (क्लोरीनयुक्त, अतिविषारी सेंद्रिय संयुगे) मोजावे लागेल असे मार्गदर्शक सरांचे म्हणणे आहे, आणि ती चाचणी बाहेरून करून घेतली तर एकदोन नमुन्यांतच पैसे संपतील. ती खरोखर आवश्यक आहे का?

जुना विश्लेषक:
ताई, आधी गिरणी लगदा कशाने पांढरा करते ते विचारून घ्या. रद्दीपासून तपकिरी पुठ्ठा करणारी गिरणी सहसा लगदा पांढरा करतच नाही, त्यामुळे तिच्यापाशी डायॉक्सिन शोधणे हा निव्वळ खर्च होय. क्लोरीन वायू वापरला जात असेल तर लगद्यात उरलेल्या लिग्निनशी (लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या पदार्थाशी) त्याची अभिक्रिया होऊन क्लोरोफिनॉल, क्लोरोग्वायाकॉल यांसारखी क्लोरीनयुक्त संयुगे आणि अत्यल्प प्रमाणात डायॉक्सिनही तयार होते. क्लोरीन डायॉक्साइड वापरल्यास ही संयुगे पुष्कळच कमी होतात.

शिवाय डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते गाळाच्या कणांना चिकटते आणि माशांच्या चरबीत साठते, म्हणून पाण्याच्या अहवालात 'आढळले नाही' असे आले तरी नदी स्वच्छ ठरत नाही. चाचणी करायचीच असेल तर गाळाची करा. पाण्यासाठी एओएक्स (कार्बनवर शोषल्या जाणाऱ्या हॅलोजनयुक्त सेंद्रिय संयुगांचे एकूण प्रमाण) घ्या: नमुन्यातील क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे सक्रिय कार्बनवर शोषून घेतात, तो कार्बन सुमारे ९५० अंशांवर जाळतात आणि सुटलेले हॅलाइड (मुख्यतः क्लोराइड) कूलोमापनाने, म्हणजे लागलेला विद्युतभार मोजून, मोजतात.

मत्स्यअभ्यासक:
वरील सल्ला योग्य आहे, पण एओएक्स म्हणजे विषारीपणा नव्हे. त्यातील बराचसा भाग क्लोरीनयुक्त लिग्निनच्या अशा मोठ्या रेणूंचा असतो, जे पेशीच्या आवरणातून सहसा आत जातच नाहीत. कॅनडात सुपीरियर सरोवराच्या जॅकफिश उपसागरात गिरणीच्या सांडपाण्यात राहणाऱ्या व्हाइट सकर माशांच्या जननग्रंथी लहान राहिल्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिसले, आणि पुढे क्लोरीन न वापरणाऱ्या काही गिरण्यांखालीही तसेच परिणाम आढळले. तेव्हा सारा दोष क्लोरीनवर टाकून चालणार नाही. सांडपाण्याची निरनिराळी विरलने करून त्यांत डॅफ्निया (पाणपिसू, पाण्यातले इवले कवचधारी जीव) ४८ तास ठेवा आणि किती जीव निश्चल होतात ते मोजा. ही चाचणी स्वस्त आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा कणा तीच असावी.

विश्वामित्रीकाठ:
दोघांचेही आभार. गिरणी क्लोरीन डायॉक्साइड वापरते असे कळले. नमुने घेण्याची जागा खाडीपासून फार दूर नाही. त्याने फरक पडेल का?

जुना विश्लेषक:
निश्चितच पडेल. भरतीचे खारे पाणी वर येत असेल तर क्लोराइड सीओडी फुगवून दाखवते. मर्क्युरिक सल्फेट घालून हा अडथळा काही मर्यादेपर्यंतच दूर होतो. एओएक्सच्या वेळी कार्बन आम्लयुक्त नायट्रेटच्या द्रावणाने धुतात तो हेच क्लोराइड काढून टाकण्यासाठी, परंतु क्लोराइड लिटरमागे एक ग्रॅमच्या वर गेल्यास त्या आकड्यावर विसंबू नये. डॅफ्निया गोड्या पाण्यातले असल्याने खारटपणानेही निश्चल होतील आणि दोष गिरणीवर जाईल. म्हणून ओहोटीच्या अखेरीस नमुने घ्या, प्रत्येक वेळी विद्युत्‌वाहकता (खारटपणाची खूण) नोंदवा, आणि तुलनेचा नमुना गिरणीच्या वरच्या अंगाला, भरती पोहोचत नाही अशा जागेवरून आणा. एओएक्सची बाटली काचेचीच हवी. ती काठोकाठ भरा, उरलेला मोकळा क्लोरीन सल्फाइटने घालवा आणि मगच नायट्रिक आम्ल घाला.