सेकंडहँड गाडी आणि मीटरवरचा न विझणारा दिवा: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता (रत्नागिरी)

मेहुण्याच्या ओळखीतून सांगलीत एक गाडी बघून आलो. २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर, एकच मालक. पत्रा छान, टायर बरे, एसी कडक. इंजिन सुरू केलं आणि सगळे दिवे विझले, पण इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा काही विझेना. मालक म्हणाले, "तो सेन्सरचा आहे हो. दोन वर्षं तसाच पेटतोय, गाडीला काही होत नाही." किंमत बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी आहे, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्या चाळीस हजारांतच अडकलाय.

गाडी घेतली तर आंबा घाट उतरून आणायची. मागे बसणार आई-बाबा आणि दोन पोरं. गाडीसोबतचं पुस्तक उघडलं तर एकच वाक्य: अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. सल्ला द्याच, पण आधी तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा.

घाटमाथा (चिपळूण)

माझा दिवा लाल होता, म्हणून पहिला मी लिहितो.

शेजाऱ्यांची जुनी सेडान एक लाख दहा हजारांत घेतली होती. गाडी तापली आणि सिग्नलला उभी राहिली की तेलाच्या बुधलीच्या चित्राचा लाल दिवा मिणमिणायचा. रेस दिली की गायब. ओळखीच्या मिस्त्रींनी "स्विच खराब असेल" म्हणत जरा जाड ऑइल भरून दिलं. दिवा गेला आणि मीही विसरलो.

चार महिन्यांनी कराडला एका लग्नाला निघालो. कुंभार्ली घाट चढताना अर्ध्यावर तोच दिवा लागला, आणि या वेळी विझला नाही. बायको म्हणाली थांबा. मी म्हटलं, हेळवाक आलंच की, तिथे चहा घेऊ आणि बघू. आधी टॅपेटचा कटकट आवाज, मग खडखड, मग एका वळणावर इंजिन बसलं. जागच्या जागी. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक दोनदा दाबल्यावर तोही घट्ट. दरीच्या बाजूला नव्हतो एवढंच.

इंजिन खोलल्यावर बेअरिंग झिजलेली आणि क्रँकला चरे. बिल अठ्ठावन्न हजार. त्या बिलासोबत मिळालेली अक्कल अशी की तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर गेलंय हे सांगतो. पट्टीवर ऑइल पूर्ण दिसत असतानाही प्रेशर जाऊ शकतं. तो पेटला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. पुढचं गाव बघायचं नाही.

पान्हा नंबर बारा (कोल्हापूर)

आमचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. भावा, तुमच्या पिवळ्या दिव्याचं नंतर बोलू. आधी मला सांगा, किल्ली 'ऑन' करून इंजिन सुरू न करता मीटर बघितलं का?

किल्ली ऑन केली की गाडी सगळे दिवे एकदा पेटवून दाखवते, बल्ब चालू आहेत हे कळावं म्हणून. एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) दिवे काही सेकंदांत विझतात. ऑइल, बॅटरी आणि इंजिनाचा इंजिन सुरू झाल्यावर विझतात. जो दिवा पेटलाच नाही त्याची मला जास्त भीती. बल्ब काढून ठेवलेले, आतून काळी पट्टी चिकटवलेले मीटर मी स्वतः उघडलेत. एका गाडीत एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती. दोन्ही एकदम पेटायचे, एकदम विझायचे. गिऱ्हाईक खूश! एअरबॅग अपघातात फुटलेली, आणि तिच्या जागी एक छोटा रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला गंडवलेलं. वरून कव्हर नवंकोरं.

चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ला. तुमची २०१७ची, म्हणजे वरचं मॉडेल असेल तर बहुतेक आहे, खालचं असेल तर नसेलही. स्टिअरिंगवर एसआरएस अशी एअरबॅगची अक्षरं असतील आणि किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटत नसेल, तर एअरबॅग नाही असं धरून चाला.

सह्याद्री पार्किंग (ठाणे)

आमचा दिवा उंदराने पेटवला. ऐन पावसाळ्यात, इंजेक्टरची वायर कुरतडून. गाडी धडधडायला लागली, मी भाड्याच्या टोइंगला तीन हजार दिले, आणि फिटरने वीस मिनिटांत वायर जोडून चारशे रुपये घेतले. तेव्हापासून बॉनेटखाली तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या. उंदीर दोन्हींना सरावलेत.

मिसिंग (नागपूर)

पिवळ्या दिव्यात पण दोन जाती आहेत. एक गुमान पेटून राहतो, एक लुकलुकतो. मला हे माहीत नव्हतं ना!

अमरावतीहून गाडी घेऊन निघालो. नांदगाव पेठच्या आसपास गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटेना, पिकअप गेला, इंजिनाचा दिवा लुकलुक. म्हटलं, घरी जाऊन बघू. शंभराच्या वर किलोमीटर तशीच आणली. निघालं काय, तर एका सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल मेलेली. तिथेच थांबलो असतो तर अडीच हजारांत काम होत होतं. पण प्लग ठिणगी देत नसला की पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत जाऊन पेटतं. त्यात आतली जाळी वितळली. नवा कन्व्हर्टर सांगितला तेव्हा मी खुर्चीच मागितली.

निवांत (पुणे)

उगाच घाबरवू नका त्यांना. माझ्या गाडीत तीन वर्षं पिवळा दिवा पेटलेला होता. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. अॅव्हरेज दोनेकने कमी झालं, बाकी काही नाही. महाबळेश्वर, गोवा, सगळं केलं.

पान्हा नंबर बारा (कोल्हापूर)

निवांत साहेब, तुमचं नशीब चांगलं. पण एक विचारतो. त्या तीन वर्षांत कॉइल गेली असती, तर गाडीने तुम्हाला सांगायचं कसं? पेटलेला दिवा परत पेटत नाही. फार तर लुकलुकेल, तोही मिसिंग जोरात असेल तरच. दोन वर्षं दिवा तसाच ठेवला म्हणजे गाडीने दोन वर्षं ओरडायचं कुठे हा प्रश्न आहे. सांगलीकर मालक खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. पहिला दोष सेन्सरचाच असेल. त्याच्यामागे रांगेत आणखी कोण उभं आहे ते त्यांनाही माहीत नाही.

लेस्टरवाली मावशी (इंग्लंड)

इकडे हा वाद सरकारनेच मिटवला आहे. दरवर्षीच्या एमओटी तपासणीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. जुलै २००३पासूनच्या पेट्रोल आणि जुलै २००८पासूनच्या डिझेल गाड्यांना हे लागू. मे २०१८पासून दोषांचे वर्ग केलेत, त्यात हा 'मेजर' दोष. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे पेटलेले असले तरीही नापासच.

मला सगळ्यात आवडतं ते हे की नंबर टाकला की गाडीचा जुना तपासणीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. लेकासाठी गाडी बघत होतो. विकणारा गोड बोलत होता, आणि मोबाइलवर सलग दोन वर्षं एअरबॅगच्या दिव्यासाठी नापास. तिसऱ्या वर्षी पास, दुसऱ्याच गावात. आम्ही चहाही न घेता निघालो.

झाकण (कॅलिफोर्निया)

विद्यार्थी असताना बारा वर्षं जुनी गाडी घेतली. आठवड्यात दिवा लागला. रात्रभर झोप नाही, खात्यात तीनशे डॉलर. सकाळी गुजराती रूममेटने ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावला: पी ०४५५, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची गळती. पेट्रोल भरल्यावर मी टाकीचं झाकण नीट फिरवलंच नव्हतं. टिकटिक आवाज येईपर्यंत फिरवलं, काही दिवसांनी दिवा आपोआप गेला.

पण पुढची गाडी घेताना उलटं झालं. मीटर स्वच्छ, एकही दिवा नाही. रीडर लावला तर दोष शून्य, मात्र आतल्या स्वयंतपासण्या जवळजवळ सगळ्या 'अपूर्ण'. म्हणजे मी यायच्या आधी कोणीतरी कोड पुसले होते किंवा बॅटरी काढली होती. त्या तपासण्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नेहमीसारखी चालावी लागते. इथल्या धूर तपासणीलाही त्या अपूर्ण असल्या तर पास करत नाहीत. काका, रीडर लावाल तेव्हा कोड बघून थांबू नका, हेही बघा.

किट (नाशिक)

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर पिवळा दिवा नेहमीचा पाहुणा. गाडीच्या कॉम्प्युटरला हवा-इंधनाचं गणित जुळत नाही, पी ०१७१ दाखवतो. आमचा ट्यूनिंग केल्यावर गेला. तोवर दर दोन महिन्यांनी 'रीसेट' करून देणाऱ्याचं घर चाललं.

कसारा (इगतपुरी)

मला घाटाबद्दल सांगायचंय, कारण तुम्ही आंबा उतरणार आहात.

दीर दुबईला गेले आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली. एबीएसचा पिवळा दिवा पेटायचा. सगळ्यांनी सांगितलं, साधे ब्रेक चालतात. ते खरंच आहे, एबीएस नसलेल्या गाड्या आपण वर्षानुवर्षं चालवल्याच. पण एका पावसात कसारा उतरताना त्याच्या शेजारी ब्रेकचा लाल दिवाही लागला. हँडब्रेक तर खाली होता. मी गाडी दुसऱ्यावर टाकली, हळूहळू कडेला घेतली आणि सासऱ्यांना फोन लावला. ते जन्मभर ट्रक चालवलेले. म्हणाले, "पोरी, बॉनेट उघड, ब्रेक ऑइलची डबी बघ." तळाशी आलेलं. मागच्या चाकाच्या सिलिंडरमधून गळत होतं. आणि डबी भरलेली असताना दोन्ही दिवे लागले असते, तर पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही गेली असं समजायचं. मग ओल्या रस्त्यावर जोरात दाबला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. हे दुसरं नंतर गॅरेजमध्ये कळलं. टोइंगवाला येईपर्यंत दोन तास पावसात बसले. माकडं सोबतीला होती.

धागाकर्ता (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. शनिवारी मिरजेच्या एका फिटरला स्कॅनरसकट घेऊन सांगलीला गेलो. मालकांनी पोहे केले होते, त्यामुळे आधीच ओशाळल्यासारखं झालं.

स्कॅनर लावला. पी ०१३५, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. म्हणजे मालक शंभर टक्के खरं बोलत होते! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पोह्यांच्या ताटलीत बघायला लागलो. त्याखाली एक कच्चा, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड होता, पी ०३०२, दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. फिटर म्हणाला प्लग असेल, फार तर कॉइल. इथवर मी मनातल्या मनात सौदा करून मोकळा झालो होतो.

मग किल्ली ऑन केली. ऑइल, बॅटरी, ब्रेक, एबीएस, सगळे पेटले. स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलेलं आहे. एअरबॅगचा दिवा पेटला नाही. परत केलं. परत नाही. तिसऱ्यांदा मालकांनी स्वतः करून बघितलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी त्यांची मुलगी आतून म्हणाली, "बाबा, दादाने मागच्या वर्षी अंकलीच्या पुलाजवळ ठोकली होती, तेव्हा तुम्ही गावाला होता." त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा बघून तेवढं कळत होतं.

गाडी घेतली नाही. फिटरचे आठशे दिले, मालकांनी नको नको म्हणत निम्मे माझ्या खिशात कोंबले. पुढच्या रविवारी इचलकरंजीला एक बघायला जातोय, २०१९ची. पान्हा नंबर बारा, तुम्हाला यायला जमेल का? पेट्रोल माझं, जेवण माझं.